किनाऱ्याची नोंदफेरी: आधी जीव, मग माणसं, शेवटी कचरा

गोव्यातल्या पेडणे तालुक्याच्या किनाऱ्यावर स्वयंसेवकांनी भरलेले तक्ते तपासायचं काम माझ्याकडे असतं. उत्साह भरपूर असतो, अक्षरही सुरेख असतं, आणि तरी बरेच तक्ते बाजूला ठेवावे लागतात. कारण बहुतेक वेळा एकच. किनाऱ्यावर पोचलं की हात आधी कचऱ्याच्या गोणीकडे जातो. पाच-सहा जणांचा घोळका वाकत, उचलत पुढे सरकतो. तोवर पक्षी उडालेले असतात, कासवाच्या मागावरून चपला फिरलेल्या असतात आणि कचरा मोजण्याआधीच गोणीत गेलेला असतो. किनारा स्वच्छ झाला याचा आनंदच आहे, पण नोंद झाली नाही.

सफाई आणि नोंद ही दोन वेगळी कामं आहेत. खालचा क्रम नोंदीचा आहे. उदाहरणं मोरजी, आश्वे, मांद्रे पट्ट्यातली आहेत. दक्षिण गोव्यातल्या आगोंद किंवा गालजीबागला थोड्या फरकाने हीच पद्धत चालेल.

## १. पट्टा ठरवा, खुणा पक्क्या करा

एका जोडीसाठी एक ते दीड किलोमीटर पुरे. सुरुवातीला सगळेच "मोरजी ते हरमल करू" म्हणतात आणि तिसऱ्या फेरीला अर्ध्या वाटेतून परततात. मग त्या दिवशीचे आकडे आधीच्या फेऱ्यांशी ताडून बघता येत नाहीत. लहान पट्टा घ्या, पण दर वेळी तोच घ्या.

पट्ट्याची दोन टोकं आणि कचऱ्यासाठी १०० मीटरचा एक तुकडा पहिल्याच दिवशी नक्की करा. हा तुकडा सुरुवातीच्या टोकाजवळ असू द्या, कारण त्याचं काम शेवटी येतं. इथे सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे शॅकची, म्हणजे वाळूवरच्या हंगामी खानावळीची, खूण धरणं. पावसाळ्याआधी शॅक उतरवतात. पुढच्या हंगामात ते वीस पावलं सरकलेले असतात किंवा नसतातच. वाकडा माड, खुरीस (क्रूस), दगडी कुंपणाचा कोपरा, पायऱ्या अशी हलणार नाही ती खूण धरा. तिथे उभं राहून फोनवर अक्षांश-रेखांश लिहून घ्या आणि समुद्राकडे, जमिनीकडे, डावीकडे, उजवीकडे असे चार फोटो काढून ठेवा.

मोरजीच्या दक्षिण टोकाला शापोरा नदीचं मुख आहे. तिथली वाळूची पट्टी दर पावसाळ्यात आकार बदलते, म्हणून पट्ट्याचं टोक तिथे ठेवू नका. नदीमुखावरच्या पक्ष्यांची मोजणी वेगळी करावी, ती या फेरीत मिसळू नये.

तपासा: आपल्या गटात नसलेल्या कुणाला तरी खुणांचा कागद देऊन पाठवा. त्याला दोन्ही टोकं सापडली, तर खुणा पक्क्या.

## २. वनखात्याला आणि पंचायतीला आधी सांगा

मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग हे कासवांच्या विणीचे किनारे म्हणून २०११च्या किनारी नियमन अधिसूचनेत नावानिशी नोंदले आहेत. हंगामात तिथे वनखात्याचे कर्मचारी राखणीला असतात. त्यांना भेटा, तुमचा पट्टा आणि वार सांगा, आणि घरटं, जखमी प्राणी किंवा मेलेलं कासव दिसल्यास कुणाला फोन करायचा तो नंबर जोडीतल्या दोघांच्याही फोनमध्ये घाला. पंचायतीत जाऊन किनारा कोण झाडतं, कोणत्या वारी आणि किती वाजता, तेही विचारून घ्या. हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण पुढे कचऱ्याच्या नोंदीचा सगळा अर्थ त्यावरच ठरतो.

विणीच्या हंगामात रात्री परस्पर किनाऱ्यावर जाऊ नका. वर चढणारी मादी माणसांची चाहूल आणि उजेड पाहून न वीताच परत फिरते.

## ३. तिथी पाहून तारीख, कोष्टक पाहून वेळ

"दर रविवारी सकाळी सात" हे ऐकायला सोपं वाटतं, पण एका रविवारी ओहोटी असेल आणि वाळूचा पट्टा ऐसपैस मिळेल, तर पुढच्या रविवारी भरतीचं पाणी वरच्या मर्यादवेलीपर्यंत आलेलं असेल. दोन्ही दिवशी मोजलेला कचरा एकाच तराजूत घालता येत नाही.

किनाऱ्यावरची जुनी रीत इथे कामाला येते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते, आणि तिच्यापासून साधारण सहा तासांवर ओहोटी. अष्टमीला सकाळी सहाच्या आसपास भरती, म्हणजे पहाटेची फेरी अरुंद वाळूवर करावी लागणार. अमावस्या-पौर्णिमेच्या लगत मात्र भरती दुपारकडे सरकते आणि उजाडताना पाणी खाली असतं. म्हणून पूर्ण फेरी पंधरवड्यातून एकदा, अमावस्या आणि पौर्णिमेनंतरच्या दोन दिवसांत ठेवा. उधाणाचे दिवस असल्याने ओहोटीला वाळूही भरपूर उघडी पडते.

तिथीवरून फक्त दिवस निवडायचा. नेमकी वेळ मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकावरून घ्या. फोनवरची बरीच ॲप आपोआप मुंबईची वेळ दाखवतात आणि ती गोव्याशी जुळत नाही. बंदराचं नाव वाचल्याशिवाय वेळ लिहू नका.

सुरुवात उजाडताच करा. कासवाचा माग दिसायचा असेल, तर धावणाऱ्यांच्या आणि झाडूवाल्यांच्या आधी तिथे पोचायला हवं.

## ४. सामान

- लिहायचा पॅड, तीन वेगळे तक्ते (जीव, माणसं, कचरा) आणि दोन पेन्सिली. पेनची शाई खाऱ्या दमटपणात पसरते.
- दुर्बीण. ८×४२ची साधी पुरते.
- शिवणकामाचा कापडी टेप, आणि फोटोत मापासाठी ठेवायला फूटपट्टी.
- १०० मीटर मोजायला दोरी, दर दहा मीटरवर गाठ मारलेली.
- जाड हातमोजे, चिमटा, आणि सुया-काचांसाठी झाकणाचा कडक डबा.
- धुतलेल्या गोणी आणि लटकता वजनकाटा.
- पाणी, टोपी, शिट्टी, पूर्ण चार्ज केलेला फोन.

गोणी सुरुवातीच्या टोकालाच ठेवा. हातात असली की भरावीशी वाटते, हे मी स्वतःच्या बाबतीतही पाहिलं आहे.

निघण्याआधी प्रत्येक तक्त्यावर तारीख, वार, सुरुवातीची वेळ, ओहोटीची वेळ, वारा, ढग, पाहणाऱ्यांची संख्या आणि "आज किनारा झाडला का: हो / नाही / माहीत नाही" हे भरा. नंतर भरू म्हटलं की ते राहून जातं.

## ५. जाताना फक्त जीव

दोघांनीच चालायचं. एकजण पाहतो, दुसरा लिहितो. ओल्या वाळूच्या वरच्या कडेने, सावकाश.

पक्षी. दर शंभर पावलांवर थांबा आणि पुढचा तुकडा दुर्बिणीतून पाहा. नजर आधी दूर, मग जवळ. जवळचे छोटे चिखले (वाळूवर धावणारे किनारपक्षी) मोजत बसलात, तर पुढचा कुरवांचा (सीगलचा) थवा तोवर उठलेला असतो. मोठा थवा असेल तर आधी दहा पक्षी मोजा, तेवढी जागा डोळ्यांत धरा आणि अशा किती जागा भरतात ते पाहा. तक्त्यावर "अंदाजे १२०" असंच लिहा. उडून पुढे जाऊन बसलेला थवा पुन्हा मोजायचा नाही. त्यासाठी उडालेल्यांची दिशा बाणाने दाखवा.

ओळख पटली नाही तर "लहान चिखल्या, जात नक्की नाही" ही पूर्ण आणि चांगली नोंद आहे. ॲपने सुचवलेलं नाव खात्री नसताना लिहिलं, की ते कायमचं नोंदीत शिरतं आणि नंतर काढता येत नाही.

कासवाचा माग. आपल्याकडे मुख्यतः ऑलिव्ह रिडले येतात, साधारण नोव्हेंबर ते मार्च. त्यांचा माग पाऊण मीटरच्या आसपास रुंद असतो आणि दोन्ही बाजूंच्या वल्ह्यांच्या (वल्ह्यासारख्या पायांच्या) खुणा एकाआड एक पडतात. हिरव्या कासवाच्या खुणा समोरासमोर पडतात आणि माग जास्त रुंद असतो. वल्हं वाळू मागे ढकलतं, त्यामुळे वाळूचा ढीग कोणत्या बाजूला साचला आहे ते पाहून चढतानाचा माग कोणता आणि उतरतानाचा कोणता ते ओळखता येतं.

माग दिसला की या क्रमाने:

1. भरतीच्या रेघेपाशीच थांबा. मागाच्या कडेने चाला, त्यावरून नाही.
2. फूटपट्टी आडवी ठेवून फोटो काढा, रुंदी टेपने मोजा.
3. वर वाळू गोलाकार उसकटलेली आहे का, की मादी नुसतीच फिरून परत गेली, ते दुरूनच पाहा. दोन्ही नोंदी महत्त्वाच्या आहेत. "अंडी नाहीत म्हणजे नोंद नाही" असं समजू नका.
4. अक्षांश-रेखांश लिहा, वनखात्याला फोन करा.
5. त्यांचा माणूस येईपर्यंत एकाने तिथे थांबा. माग पुसू नका.

सावधान: काठी खुपसून घरटं शोधू नका, वाळू उकरू नका, "फक्त बघतो" म्हणूनही नाही. ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या घरट्याला किंवा अंड्यांना धक्का लावणं हे या कायद्याच्या व्याख्येत शिकारच धरलं जातं, आणि शिक्षा ३ ते ७ वर्षांची आहे. एका घरट्यात शंभरच्या वर अंडी असू शकतात. काठीचं एक टोक किती आत जातं याचा विचार करा.

उजाडल्यावर पिल्लं वाळूत भरकटलेली दिसली, तर फोन करा आणि कावळे-कुत्री हाकलत उभे राहा. पाण्याच्या बादलीत घालू नका. फ्लॅश मारणाऱ्यांना हात जोडून थांबवा.

मेलेलं कासव. हात न लावता वरून आणि बाजूने फोटो. शेपूट कवचाबाहेर लांब आली असेल तर तो नर. जाळ्याचा फास, वल्हं कापलेलं, कवच फुटलेलं असं दिसेल ते लिहा. "ट्रॉलरने मारलं" असा निष्कर्ष लिहू नका. तेच कासव पुढच्या फेरीत चारशे मीटर पुढे वाहून गेलेलं सापडतं आणि दोनदा मोजलं जातं. म्हणून वनखात्याच्या माणसाला कवचावर रंगाची खूण करायला सांगा, आणि दर नव्या नोंदीआधी जुने फोटो पाहा.

जिवंत पण अडकलेला प्राणी. जाळ्यात गुंतलेल्या कासवाला पाण्यात ढकलू नका, उलटं करू नका. सावली धरा, ओलं कापड पाठीवर घाला, नाकपुड्या मोकळ्या ठेवा. मांसात रुतलेला दोर स्वतः कापू नका. डॉल्फिन असेल तर शेपटीला किंवा परांना धरून ओढायचं नाही. अंगावर ओलं कापड, डोक्यावरचं श्वासाचं छिद्र उघडं, गर्दी आणि कुत्री लांब. जीवरक्षक जवळ असतील तर त्यांना लगेच बोलवा, गर्दी आवरायला त्यांची मोठी मदत होते.

समुद्रसाप वाळूवर निपचित पडलेला दिसला तरी काठीनेही हलवू नका. आपल्या किनाऱ्यावर जाळ्यातून येणारे बहुतेक अत्यंत विषारी असतात. पावसाळ्यात निळ्या फुग्यासारखे जीव, पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर, येतात. वाळलेल्यांचाही डंख बसतो. बसलाच तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, चोळू नका आणि जीवरक्षकाकडे किंवा आरोग्य केंद्रात जा.

काहीच दिसलं नाही? मग प्रत्येक रकान्यात "०" लिहा. रिकामा रकाना पाहून मला कळत नाही की कासव नव्हतं, की तुम्ही पाहिलंच नाही. गेल्या तक्त्यांमधले बरेचसे याच एका कारणाने निरुपयोगी ठरले, आणि त्यामागची तुमची पहाटेची पायपीट आठवून मला खरोखर वाईट वाटतं.

## ६. परतताना फक्त माणसं

दूरच्या टोकाला पाच मिनिटं बसा, पहिला तक्ता पुरा करा, मग दुसरा काढा. आता कोरड्या वाळूवरून नेहमीच्या चालीने परत या. समोर येणारे आणि बसलेले मोजा, मागून पुढे गेलेले सोडून द्या. पाण्यातले वेगळे लिहा. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणारे, होडी ढकलणारे हे पर्यटक नव्हेत, त्यांचा रकाना स्वतंत्र.

सोबत एवढंच: कुत्री (सोबत आणलेली व मोकाट), वाहनांच्या चाकांच्या खुणा, शेकोटीची राख, समुद्राकडे तोंड असलेले दिवे. कुत्र्यांची संख्या विसरू नका, कारण घरटी उकरणाऱ्यांत ती पुढे असतात.

या सकाळच्या आकड्यावरून "गर्दी वाढली" असं म्हणता येत नाही. तिथीप्रमाणे फेरी कोणत्याही वारी येते. गर्दीसाठी महिन्यातून एक रविवार आणि एक कामाचा वार, संध्याकाळी ठरलेल्या वेळी, हीच मोजणी वेगळी करा. नाताळ, कार्निव्हल, शिगमो असेल तर शेऱ्यात लिहा.

चेहऱ्यांचे फोटो नकोत, नावं नकोत, गाड्यांचे नंबर नकोत. भांडणही नको. "दादा, इथे कासवाचं घरटं आहे, जरा त्या बाजूने जाल?" एवढं पुरतं, ऐकलं नाही तर वनखात्याच्या माणसाला सांगा आणि पुढे चला.

## ७. शेवटी कचरा: आधी मोजा, मग उचला

आता बाकीचे स्वयंसेवक आले तरी चालतील. १०० मीटरची दोरी टाका. रुंदी पाण्याच्या कडेपासून मर्यादवेलीच्या पायथ्यापर्यंत. वेलीत शिरू नका, तिथली वाळू तीच धरून ठेवते. दोरीच्या गाठींवरून दहा-दहा मीटरचे दहा भाग करा आणि प्रत्येक भागात नागमोडी चाला.

उधाणानंतर भरतीच्या दोन रेघा दिसतात, एक ताजी आणि एक वरची, वाळलेली. नवखे फक्त ताज्या रेघेवर चालतात. वरच्या रेघेत झाकणं, थर्माकोल, दोरांचे तुकडे अडकून बसलेले असतात.

मर्यादा आधी ठरवा. आम्ही अडीच सेंटीमीटरपेक्षा मोठ्याच वस्तू मोजतो, म्हणजे ढोबळमानाने बाटलीच्या झाकणाएवढ्या आणि त्याहून मोठ्या. रकाने वस्तूंचे ठेवा: प्लास्टिक बाटल्या, झाकणं, वेष्टनं, जाळी व दोर, थर्माकोल, चपला, काच, सिगारेटची थोटकं, औषधी कचरा, ओळख न पटलेले तुकडे. बाटली आणि तिचं झाकण वेगळं पडलं असेल तर दोन वस्तू, लागलेलं असेल तर एक. फुटलेल्या बाटलीच्या काचा एकाच जागी असतील तर एक बाटली धरा.

एकजण मोठ्याने सांगतो, दुसरा रेघा ओढतो, पाच झाल्या की आडवी. एका भागाची मोजणी पुरी झाल्यावरच त्या भागात उचलणाऱ्यांना सोडा.

नेहमीच्या चुका:

वाळत घातलेलं जाळं कचरा म्हणून मोजणं, आणि त्याहून वाईट म्हणजे उचलणं. एका फेरीत आमच्यातल्या एकाने चांगलं जाळं गोणीत भरलं होतं. रापणकारांनी सौम्यपणे समजावलं म्हणून निभावलं. जाळं अर्धवट पुरलेलं, फाटलेलं, शेवाळलेलं नसेल तर आधी विचारा.

"हे मच्छीमारांचं, हे पर्यटकांचं" असा अंदाज रकान्यात लिहिणं. वस्तू लिहा. लेबल वाचता येत असेल तर भाषा आणि तारीख लिहा. पाण्याची बाटली शॅकमधूनही येते, नदीतूनही.

शेवाळ, ओंडके, शिंपले उचलणं. तो कचरा नाही, चिखल्यांचं अन्न त्यातच असतं.

वजनावर विसंबणं. ओल्या दोरात वाळूचंच वजन जास्त. झटकून, निथळून घ्या. आणि तरीही मुख्य आकडा संख्येचाच.

किनारा झाडलेला असताना "आज कचरा कमी" लिहिणं. म्हणूनच सुरुवातीचा तो रकाना.

सुया, सिरिंज, काच चिमट्यानेच, कडक डब्यात. विणीच्या हंगामात खोरं, दाताळं वापरू नका. गोळा केलेलं जाळू नका. वेगळं करून पंचायतीच्या गाडीत द्या.

टारबॉल. मे-जूनच्या सुमारास नैर्ऋत्येचा वारा सुटला की डांबरासारखे चिकट काळे गोळे लागतात. ते एकेक मोजणं शक्य नसतं. भरतीच्या रेघेवर ठरावीक अंतराने पाच जागी एक मीटरचा चौकोन आखा, त्यातले मोजा, फूटपट्टीसह फोटो काढा. पायाला लागले तर खोबरेल तेलाने निघतात.

## ८. पावसाळ्यात फेरी थांबवू नका, बदला

जून ते सप्टेंबर बहुतेक गट सुटी घेतात, आणि नेमका तेव्हाच समुद्र पोटातलं बाहेर टाकतो. गोव्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळात येणारा दोर-जाळ्यांचा कचरा हंगामातल्याशी ताडून पाहण्यासारखा असतो. पण ओल्या वाळूवर उतरू नका. वरच्या कडेने चाला, लाल बावटा असेल तिथे पाण्याकडे पाठ करू नका, विजा असतील तर फेरी रद्द. रद्द केलेली फेरीही "रद्द, विजा" अशी तक्त्यावर येऊ द्या. १०० मीटरचा तुकडा पाण्याखाली असेल तर जितका मोकळा आहे तितका मोजा आणि त्याची लांबी-रुंदी लिहा.

## ९. त्याच दिवशी, घरी

दुपारच्या आत तिन्ही तक्त्यांचे फोटो काढून गटप्रमुखाला पाठवा. आकडे संगणकात एकाने घालायचे, दुसऱ्याने कागदाशी ताडून पाहायचे. खोडाखोड केली असेल तर जुना आकडा वाचता येईल अशी एकच रेघ मारा, पुसू नका. फोटोंना तारीख आणि तुकड्याचा क्रमांक द्या.

घरट्याची जागा कुठेही टाकू नका, व्हॉट्सॲप गटावरही नाही. फोटोतून स्थान कळतं; पाठवण्याआधी फोनमधली ती सोय बंद करा. जागा फक्त वनखात्याला कळवायची.

पहिल्या सहा फेऱ्यांचे आकडे आपापसात ठेवा. तोवर डोळा तयार होत असतो. सहाव्या फेरीत चिखले दुप्पट दिसतात, त्याचं कारण बरेचदा आपली सुधारलेली नजर असते. एकदा दोन जोड्यांनी तोच १०० मीटरचा तुकडा, काही न उचलता, पाठोपाठ मोजून पाहा. आकड्यांत मोठी तफावत आली तर कोणत्या रकान्यात आली ते शोधा. आमच्याकडे ती थोटकांत आणि ओळख न पटलेल्या तुकड्यांत निघाली. तेव्हापासून ते दोन रकाने भरताना लिहिणाराही वाकून पाहतो.

कागद फाइलला लावण्याआधी पुढच्या फेरीची तिथी, मुरगावची ओहोटीची वेळ आणि जोडीची नावं कोऱ्या तक्त्यावर लिहून ठेवा.